प्रेअरीतला ओढा निरोगी आहे की नाही, हे माशांवरून कसे ठरवतात?

माळावरची

गेले चार उन्हाळे मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या फ्लिंट हिल्स भागात ओढ्यांमधले मासे मोजणाऱ्या एका गटाबरोबर मदतनीस म्हणून जाते. मागे इथेच दुसऱ्या एका चर्चेत "आमच्या ओढ्यात अकरा जातींचे मासे मिळाले, म्हणजे ओढा बरा आहे" असे मी सहज लिहून गेले होते आणि त्यावर दोघातिघांनी "अकरा म्हणजे बरा, हे कशावरून?" असे विचारले होते. प्रश्न रास्त होता आणि उत्तर दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

पाण्याची तपासणी म्हटली की बाटली भरायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, अशी आपली कल्पना असते. पण बाटलीतले पाणी फक्त त्या घटकेचे असते. आदल्या रात्री वरच्या गोठ्यातून शेणाचे पाणी सुटले आणि सकाळपर्यंत वाहून गेले, तर दुपारी भरलेल्या बाटलीत त्याचा मागमूस राहत नाही. मासा मात्र ती रात्र तिथेच काढून, जगून किंवा मरून, मोकळा झालेला असतो. अमेरिकेच्या १९७२ सालच्या स्वच्छ जल कायद्याने पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अशी तिन्ही प्रकारची अखंडता राखावी असे म्हटले. परंतु त्यांतली तिसरी मोजायची कशी, याचे सर्वमान्य माप तेव्हा हाताशी नव्हते. ते १९८१ साली जेम्स कार या शास्त्रज्ञाने मांडले. इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतले, म्हणजे एके काळी उंच गवताची प्रेअरी (नैसर्गिक गवताळ मैदान) असलेल्या आणि पुढे मका-सोयाबीनखाली गेलेल्या प्रदेशातले ओढे त्याच्या डोळ्यांसमोर होते. आज आयबीआय, म्हणजे जैविक अखंडता निर्देशांक, म्हणून जे ओळखले जाते ते हेच.

मूळ निर्देशांकात बारा कसोट्या आहेत. एकूण मूळच्या जाती किती, तळाशी राहणारे डार्टर किती जातींचे, सनफिश आणि सकर किती जातींचे, प्रदूषण न सोसणाऱ्या जाती आहेत का आणि ग्रीन सनफिश या चिवट माशाचे प्रमाण किती, हा पहिला गट. मग खाण्याच्या सवयी : मिळेल ते खाणारे किती, किडे खाणारे मिनो, म्हणजे छोट्या चणीचे मासे, किती, इतर माशांवर जगणारे किती. शेवटी एकूण संख्या, संकरित माशांचे प्रमाण आणि व्यंग, जखमा, गाठी किंवा झडलेले पर असलेल्या माशांचे प्रमाण. प्रत्येक कसोटीला त्या भागातल्या धडधाकट ओढ्याशी ताडून ५, ३ किंवा १ गुण मिळतो. त्यामुळे बेरीज जास्तीत जास्त ६० होते आणि कमीत कमी १२. एकही मासा मिळाला नाही, तर गुणच देत नाहीत.

माझ्या "अकरा जातीं"चे उत्तरही यातच आहे. ओढा जितका मोठा तितक्या त्यात जाती अधिक, हा सरळ नियम असल्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. एका भागातल्या अनेक ओढ्यांच्या पाणलोटाचे क्षेत्र आणि जातींची संख्या आलेखावर मांडली, की ठिपक्यांच्या वरच्या कडेने एक तिरकी रेघ काढता येते; त्या आकाराच्या ओढ्यात जास्तीत जास्त किती जाती अपेक्षित आहेत, हे ती रेघ सांगते. आमचा ओढा उडी मारून ओलांडता येईल एवढाच आहे, आणि त्या रेघेच्या हिशेबात अकरा ही संख्या चांगली ठरते. हीच संख्या एखाद्या मोठ्या नदीत मिळाली असती, तर चिंता करावी लागली असती.

मोजणी कशी करतात, तेही सांगते. ओढ्याच्या रुंदीच्या चाळीस पट लांबीचा, पण किमान १५० मीटरचा तुकडा घ्यायचा, अशी एक रूढ पद्धत आहे. दोन्ही टोकांना जाळी लावून तो बंद करतात. पुष्कळ ठिकाणी पाठीवरच्या यंत्राने पाण्यात वीज सोडून माशांना क्षणभर सुन्न करतात. पश्चिमेकडच्या कोरड्या प्रेअरीत मात्र कित्येक ओढ्यांत क्षार इतके असतात की वीज माशातून न जाता पाण्यातूनच निघून जाते, म्हणून तिथे सीन नावाचे जाळे ओढतात. कोकणातली रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल : दोन काठ्या, मधे जाळे, खालच्या दोरीला शिशाचे मणी, वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, फरक इतकाच की इथे दोन माणसांत काम भागते आणि पाणी गुडघ्याएवढे असते. खालची दोरी तळ सोडता कामा नये. पहिल्या दिवशी माझ्या हातून ती वीतभर उचलली गेली आणि दगडांखालचे सगळे डार्टर बिनबोभाट निसटले; म्हणजे माझ्या एका चुकीने ओढ्याचे गुण कमी झाले असते. आम्ही तो तुकडा पुन्हा ओढला.

मासे हवा सोडलेल्या बादलीत टाकायचे, एकेक ओल्या हातावर घ्यायचा, जात सांगायची, लांबी मोजायची, दोन्ही कुशी पाहायच्या आणि सोडून द्यायचा. विणीच्या दिवसांत स्टोनरोलर जातीच्या नराच्या डोक्यावर आणि पाठीवर बारीक टणक काटे उगवलेले असतात. तो तळहातावर घेतला की खसखशीत लागतो. नवख्या माणसाला हा रोगच वाटतो, आणि व्यंगाच्या रकान्यात एक खूण चुकीची पडते.

सांडपाणी_अभियंता

लेख माहितीपूर्ण आहे, मात्र माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की बारा वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज करून काढलेल्या एका आकड्यातून नेमके काय कळते? एका ओढ्यात जाती कमी आहेत पण रोग नाही, दुसऱ्यात जाती भरपूर आहेत पण निम्मे मासे जखमी आहेत, आणि दोघांचेही गुण ४० आले, तर दोघांना "मध्यम" म्हणून एकाच रांगेत बसवणे मला पटत नाही. दुसरी शंका खर्चाची. विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया आणि नायट्रेट सतत मोजणारी उपकरणे आता ओढ्यात कायमची बसवता येतात. त्यामुळे "बाटली म्हणजे एक घटका" हा आक्षेप पूर्वीइतका उरलेला नाही.

माळावरची

तुमची पहिली शंका शंभर टक्के मान्य. हा आक्षेप या निर्देशांकावर पूर्वीपासून घेतला गेला आहे. त्यावरचे उत्तर असे की बेरीज ही फक्त दार ठोठावण्यापुरती असते. आत गेल्यावर बारा रकाने वेगवेगळे वाचायचे असतात. तुमच्या उदाहरणातल्या दुसऱ्या ओढ्याचा व्यंगाचा रकाना वाचला की शोध विषारी सांडपाण्याकडे वळतो, पहिल्याचा जातींचा रकाना वाचला की गाळाकडे किंवा बंधाऱ्याकडे. अडचण ही की सरकारी अहवालात बेरीजच छापली जाते आणि रकाने परिशिष्टात जातात.

उपकरणांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ओढा सरळ करून त्याचा कालवा केला, काठ खरवडले, डोह बुजवले, तर ऑक्सिजनचा आलेख उत्तम राहूनही तिथे माशाला राहायला जागा उरत नाही. ज्याचे मोजमाप उपकरणात नाही, ते बिघडल्याचे उपकरण सांगणार नाही.

काळी_जमीन

मी मिनेसोटाच्या नैर्ऋत्य भागात राहते. वरचे वाक्य आमच्याकडे शब्दशः लागू पडते. इथली काळीभोर जमीन मुळात पाणथळ. ती शेतीखाली आणण्यासाठी शेताखाली सच्छिद्र नळ्या पुरून पाणी खेचून घेतात आणि ओढे सरळ चरांसारखे केलेले असतात. पाऊस पडला की पाणी धो-धो येते आणि तितक्याच लवकर ओसरते. वळणे गेली, डोह गेले.

पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. टोपिका शायनर नावाचा बोटाएवढा मासा १९९८ साली केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेला. इकडे तो मुख्य प्रवाहापेक्षा नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांत, म्हणजे नालाकृती डबक्यांत, बरा टिकलेला आढळतो. ही वळणे गाळाने भरून शेताचाच भाग झालेली असतात. आयोवा आणि मिनेसोटा या राज्यांत आता अशी काही वळणे जमीनमालकांच्या संमतीने पुन्हा खोदली जातात. खाली झऱ्याचे पाणी लागले आणि पुरात ओढ्याशी त्यांची गाठ पडली, की मासे आपले आपण येतात. आमच्या शेजाऱ्याच्या शेतातले वळण खोदले, तेव्हा आधी "बोटभर माशासाठी एवढी माती का उपसायची" म्हणून तो कुरकुरत होता. आता पाहुणा आला की त्याला आधी ते डबके दाखवायला नेतो.

माझा प्रश्न असा : हा मासा मुख्य ओढ्यात नाहीच म्हटल्यावर, ओढ्यात केलेल्या मोजणीत तो सुटणार नाही का?

माळावरची

सुटतो, आणि सुटतोच. निर्देशांक ठरावीक तुकड्यातल्या समुदायाचा असतो. दुर्मिळ जात शोधण्याचे ते साधन नव्हे. त्यासाठी वेगळी पाहणी करावी लागते.

टोपिका शायनरचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. याचा नर विणीच्या काळात ग्रीन सनफिश किंवा ऑरेंजस्पॉटेड सनफिशच्या घरट्याच्या कडेला आपली जागा धरतो. सनफिश आपली अंडी राखण्यासाठी घरटे झाडून लख्ख ठेवतो, वाऱ्यासारखा पर हलवून गाळ उडवतो, आणि शायनरची अंडी फुकटात वाढतात. आता मूळ निर्देशांक पाहा : त्यात ग्रीन सनफिशचे प्रमाण वाढले की गुण कमी होतात. प्रमाण फार वाढणे वाईट हे खरेच, पण तो मासा म्हणजे नुसता गुन्हेगार नव्हे.

आणि इथेच मला मूळ मुद्द्याकडे यायचे आहे. इलिनॉयमध्ये तयार झालेली कसोटी पश्चिमेकडे, कॅन्ससचा पश्चिम भाग, नेब्रास्का, मोंटाना इकडे जशीच्या तशी नेली, की ती उलटी पडते. तिथला ओढा उन्हाळ्यात तुटक डोहांचा होतो, पाणी कोमट आणि गढूळ असते, रात्री त्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो आणि एखाद्या वादळी पावसात तासाभरात पूर येतो. हे त्याचे आजारपण नाही, हा त्याचा स्वभाव आहे. अशा ठिकाणी हजारो वर्षे टिकलेले मासे चिवटच असणार. फॅटहेड मिनो हा मासा मूळ निर्देशांकाच्या नजरेने पाहिला तर वाईट पाण्याची खूण. मोंटानातल्या प्रेअरीच्या ओढ्यात तो घरचाच आहे. तिथे संपूर्ण निरोगी ओढ्यातही जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. मूळ कसोटी लावली तर सगळाच प्रदेश नापास होईल.

म्हणून वायव्येकडच्या मैदानांसाठी २००५ साली वेगळा निर्देशांक प्रसिद्ध झाला. त्यात मूळच्या जाती आणि मूळची कुळे, मागूर-सकर गटातल्या जाती, खडीत अंडी घालणाऱ्यांचे प्रमाण, दीर्घायुषी मासे असलेल्या जाती, अशा दहा कसोट्या घेतल्या आणि गुण शून्य ते शंभर ठेवले. दीर्घायुषी माशांची कसोटी मला फार आवडते. एक वर्ष जगणारा मासा चांगल्या वर्षात कुठूनही येऊन भरतो, पण आठ-दहा वर्षांचा सकर सापडला, तर इतकी वर्षे त्या ओढ्यात कुठे ना कुठे पाणी टिकून होते याची ती साक्ष असते.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. गढूळ ओढ्यावर धरण बांधले की गाळ वर अडतो आणि खाली निवळशंख, थंड, बारमाही पाणी येते. काठावर उभ्या माणसाला ओढा सुधारला असे वाटते. पण त्या नितळ पाण्यात नजरेने शिकार करणारे, बाहेरून आणून सोडलेले मासे वाढतात आणि गढुळात जगायला घडलेले मूळचे मिनो संपतात. एका शेततळ्याचा बांध पुरात ओसंडल्यावर खालच्या ओढ्यात आम्हाला लार्जमाउथ बास हे शिकारी मासे मिळाले होते. त्यातल्या एकाच्या तोंडातून शेपटी बाहेर दिसत होती. त्या डोहात त्या दिवशी मिनो फारच थोडे होते.

इंदूरकर

धागा वाचून आमच्या गावची आठवण झाली. हाच निर्देशांक मध्य प्रदेशातल्या खान आणि क्षिप्रा या नद्यांना लावून केलेला अभ्यास १९९८ साली फ्रेशवॉटर बायोलॉजी या नियतकालिकात आला होता. खान इंदूर शहरातून वाहते आणि पुढे क्षिप्रेला मिळते, त्यामुळे वरचा भाग, शहराखालचा भाग आणि संगमाखालचा भाग अशी तुलना आपसूकच करता येते. अर्थात डार्टर आणि सनफिश आपल्याकडे नाहीत, म्हणून कसोट्या इथल्या माशांप्रमाणे बदलाव्या लागल्या होत्या. तुम्ही मोंटानाबद्दल जे लिहिले आहे, तेच काम.

माझी शंका दुष्काळाची आहे. आपल्याकडचे ओढेही मार्चनंतर आटतात. आटलेल्या ओढ्यात मासे नाहीत, तर तो आजारी धरायचा की नुसता कोरडा?

माळावरची

आटणे किती जुने आहे आणि कशामुळे आहे, त्यावर ते ठरते. आमच्याजवळचे कोन्झा प्रेअरी हे ३,४८७ हेक्टरचे संशोधनक्षेत्र आहे. तिथला किंग्ज क्रीक हा ओढा मूळच्या गवताळ पाणलोटातून वाहतो, आणि तोही उन्हाळ्यात बराचसा आटतो. मासे झऱ्यांवरच्या डोहांत दाटीवाटीने राहतात आणि पाणी पुन्हा वाहू लागले की काही दिवसांतच कोरड्या पडलेल्या भागात चढून येतात. जाण्यायेण्याची वाट मोकळी असेल तर आटणे हा आजार नाही. वाटेत रस्त्याखालची मोरी ओढ्याच्या तळापेक्षा दीड फूट उंच बसवलेली असेल, तर वरचा भाग एकदा आटला की पुन्हा भरत नाही, आणि दोष दुष्काळावर ढकलला जातो.

मात्र पश्चिम कॅन्ससमध्ये जे घडते आहे ते वेगळे. ओगालाला या भूजलसाठ्यातून सिंचनासाठी दशकानुदशके उपसा झाल्यामुळे ओढ्यांना खालून मिळणारे पाणीच तुटले. कॅन्सस नदीच्या वरच्या खोऱ्यावरच्या २०१७ सालच्या अभ्यासानुसार १९५० ते २०१० या काळात सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीचे प्रवाह असे नाहीसे झाले आणि मोठ्या प्रवाहांतल्या जातींची जागा लहान ओढ्यांत राहणाऱ्या जातींनी घेतली. आर्कान्सॉ नदी गार्डन सिटीजवळ पाहिली तर पुलाखाली वाळू आणि त्यावर गाड्यांच्या चाकांचे माग दिसतात.

मोठ्या प्रवाहांतल्या काही मिनोंची अडचण आणखी निराळी आहे. आर्कान्सॉ रिव्हर शायनर, पेपर्ड चब, प्लेन्स मिनो हे मासे घरटे करत नाहीत. पाणी चढले की उघड्या प्रवाहात अंडी सोडतात. अंडी पाणी शोषून फुगतात आणि तळाशी न बसता वाहत जातात, एकदोन दिवसांत फुटतात, आणि पिल्लू स्वतः पोहू लागेपर्यंत आणखी काही दिवस वाहते. एवढ्या प्रवासाला सलग नदी लागते, आणि साधारण शंभर किलोमीटरपेक्षा लहान तुकड्यांत यांचे बस्तान टिकत नाही असे आढळले आहे. अंडी धरणाच्या फुगवट्यात पोहोचली, की संथ पाण्यात बुडून गाळाखाली जातात. त्यामुळे दीडशे मीटरच्या तुकड्यातले पाणी, काठ, तळ सगळे चोख असूनही तिथे पेपर्ड चब नसेल, तर कारण ऐंशी किलोमीटर खालच्या भिंतीत असू शकते. सांडपाणी_अभियंता, तुमचे कोणते उपकरण हे दाखवील?

सांडपाणी_अभियंता

कोणतेच नाही. हा मुद्दा मान्य. तरीही अमोनियाचा मीटर मी काढणार नाही.

मुठाकाठ

पुण्यात मुळा-मुठेच्या जाळ्यांत आता चिलापी आणि डासांसाठी सोडलेले गंबुशिया दिसतात, त्यामुळे "बाहेरून आणलेले मासे" हा भाग वाचताना थांबलो. मला विचारायचे आहे ते वेगळेच. सगळे गुण "धडधाकट ओढ्याशी ताडून" देतात असे तुम्ही लिहिले आहे. उंच गवताची प्रेअरी तर जवळजवळ सगळी नांगराखाली गेली. मग तो धडधाकट ओढा आणता कुठून?

माळावरची

या साऱ्या पद्धतीची नाजूक जागा तुम्ही नेमकी पकडली आहे. उंच गवताच्या प्रेअरीपैकी चार टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे आणि त्यातला मोठा भाग फ्लिंट हिल्समध्ये आहे, तोही केवळ तिथल्या चुनखडी आणि गारगोटीने नांगराचा फाळ टिकू दिला नाही म्हणून. तिथले ओढे माप म्हणून वापरतात. पण टेकड्यांतला खडकाळ ओढा हा आयोवातल्या सपाट काळ्या मातीतल्या ओढ्याचे माप होऊ शकत नाही, म्हणून इतरत्र "त्यातल्या त्यात कमी बिघडलेला" ओढा घेतात. असे माप दर पिढीत थोडे खाली सरकत जाते. शिवाय फ्लिंट हिल्सही जशीच्या तशी राहिलेली नाहीत. वणवे थांबले तिथे काठांवर झाडेझुडपे वाढली आणि किंग्ज क्रीकमध्ये पाऊस फारसा कमी न होताही प्रवाह घटल्याचे तिथल्या नोंदी सांगतात.

उरतात त्या संग्रहालयातल्या बरण्या. जुन्या अभ्यासकांनी पकडून स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशांवर ओढ्याचे नाव आणि तारीख असते, आणि त्या ओढ्यात तेव्हा काय होते याचा तोच सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे. टोपिका शायनरचे शास्त्रीय वर्णन १८८४ साली चार्ल्स गिल्बर्टने केले ते टोपिका शहराजवळच्या शुंगानुंगा क्रीकमधल्या माशांवरून. आज तो ओढा शहराच्या मधून वाहतो, आणि कॅन्ससमध्ये हा मासा पाहायचा तर बहुतेक फ्लिंट हिल्सच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांतच जावे लागते. आम्ही पुढच्या आठवड्यात तशाच एका ओढ्यावर जाणार आहोत. जाळ्याची खालची दोरी या वेळी माझ्याकडेच आहे. काय मिळाले ते इथेच लिहीन, बेरीज आणि रकाने दोन्ही.